दाबून धर

पहाटे साडेपाचला सुरू केलं, कारण सातनंतर
गोळीबार चौकातला पत्रा हात लावू देत नाही.
अर्धी गल्ली अडवून आठशे उभी,
पुढच्या चाकांना विटांची उटी.

मंगळवारी मानस चौकाच्या सिग्नलला
पेडल सावकाश पायाखालून उतरत गेलं,
गाळात पाय जावा तसं.
हँडब्रेकनं वाचवलं. ठेल्यावरचं एक टरबूज फुटलं,
त्याचे साठ रुपये दिले.

गॅरेजवाला म्हणाला, चार दिवस, साडेचार हजार.
सोमवारी मला उमरेडच्या खाणीत हजर व्हायचंय.
मास्टर सिलिंडर मीच आणला, पिशवीत, भाजीसारखा.

शिकंजा बसवायला बाक नव्हता.
मागाचं एक सागवानी लाकूड अंगणात पडून,
बाकीचा माग विकला तेव्हा बाबांनी ते दिलं नव्हतं.
त्यावर शिकंजा, शिकंज्यात सिलिंडर,
दोन नळ्या वळवून त्याच्याच टाकीत सोडल्या
आणि पेचकसानं दट्ट्या आत लोटत राहिले, थोडा, थोडा.
बुडबुडे आले. आधी बोराएवढे,
मग साबुदाण्याचे, मग मोहरीचे.
मग नुसतं तेल.

झाकण लगेच लावायचं. हे तेल हवेतलं पाणी पितं.
मे महिन्यातलं नागपूर या एका कामाला बरं,
पिण्यासारखं हवेत काही नसतंच.

पेडलवर बाबा. शालिकराम निखारे, वय एकाहत्तर.
तीस वर्षं पाय मागाच्या पावड्यांवर,
पुढची अकरा पॉवरलूमच्या शेडमध्ये.
कान तिथेच राहिले.
म्हणून हाक मारून उपयोग नाही,
गाडीच्या पोटावर पान्ह्याची खूण ठरली:
एक ठोका, दाब. दोन ठोके, सोड.
मधे धरून ठेवायचं, काही झालं तरी.
"पायाचं मले नको शिकवू, वैजे."

सगळ्यात लांबचं चाक पहिलं, मागचं डावं.
ठक्.
निप्पल पाव आटा उघडते,
नळीतून काळ्या चहाच्या रंगाचं जुनं तेल,
त्यात हवा, पुन्हा हवा.
निप्पल बंद.
ठक् ठक्.
आईला मेडिकलला नेलं त्या रात्रीनंतर
आम्ही दोघं इतका वेळ सलग बोललो नव्हतो.

तिसऱ्या चाकावर मी टाकीकडे पाहायला विसरले.
तेल खालच्या रेघेच्याही खाली,
आणि सिलिंडरनं घटकन हवा गिळली.
दोन तासांची मेहनत.
मी पान्हा फेकला, तो नालीत गेला.
तोंडातून काय गेलं ते शेजारच्या हेडाऊकाकूंनी ऐकलं असणार.

बाबा उतरले. टाकीत वाकून पाहिलं.
"ताना तुटला तं का माग जाळतेत का वं?"
आत गेले, तेलाची दुसरी बाटली घेऊन आले.
मी एकच आणली होती.
केव्हा आणली, विचारलं.
ऐकू गेलं नाही, किंवा गेलं.

नालीतून पान्हा काढला, धुतला.
पुन्हा लांबचं चाक.
बोनेटच्या कडेला एक थेंब सांडलेला, तो रंग खातो,
त्यावर अर्धा गुंड पाणी ओतलं.
टँकर परवा येणार आहे.

सव्वानऊला पेडल वर थांबलं.
दगडासारखं नाही,
नीट ताणलेल्या तान्यासारखं, बोट ठेवलं तर उत्तर देणारं.

बाबा शेजारी बसले. पट्टा मी लावून दिला.
गल्लीच्या टोकाला, गतिरोधकाच्या आधी
ब्रेक दाबला.
गाडी उभी. बस्, उभी.

शेजारी पाहिलं तर त्यांचाही उजवा पाय
रबरी मॅटवर, जिथे काहीच नाही तिथे,
टाचेपासून घट्ट रोवलेला,
घोट्याची शीर फुगलेली.

सोडा आता, मी म्हटलं.
त्यांची नजर समोर, रस्त्यावर.

मी डॅशबोर्डवर बोटानं
दोनदा ठोकलं.